घाटावरचे अकरा मासे

८ नोव्हेंबर २००४, सोमवार

पुढच्या पिढ्यांच्या माहितीसाठी नोंदवून ठेवतो, की आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाने मला ओळखण्यास नकार दिला. पद्धत अशी आहे. गळ्यातलं कार्ड दाराशेजारच्या डबीला दाखवायचं, डबीत हिरवा दिवा लागतो, दार उघडतं आणि माणूस मोकळा होतो. मला लाल दिवा लागला. चार वेळा. पाचव्या वेळी मी कार्ड शर्टाला पुसून दाखवलं, तेव्हा मागे उभा असलेला सुरक्षारक्षक म्हणाला, "सर, टॉयलेटला तुमचं कार्ड दुसऱ्या मजल्यापर्यंतच चालतं."

म्हणजे काम तिसऱ्या मजल्यावर आणि बाकीचं दुसऱ्या. सरकारी सांख्यिकी कचेरीत मी चोवीस वर्षं काढली. तिथल्या स्वच्छतागृहाला दारच नव्हतं, त्यामुळे असा अपमान होण्याचा प्रश्न आला नाही.

घरी बायकोला, प्रेमलाला, सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा नव्हतीच. म्हणाली, "चोवीस वर्षं लोकांना दारात ताटकळत ठेवलंत. आता तुम्ही उभे राहा."

स्वेच्छानिवृत्ती घेऊन नगर रोडवरच्या या कंपनीत आलो त्याला आज महिना झाला. मालक श्रीनिवास, वय चौतीस. सात वर्षं अमेरिकेत राहून आलेत. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात असं सांगून मला 'रणपिसे सर' म्हणतात, त्यावरून माझं काय वय दिसतं ते कळलं. मला घेण्याचं कारण दोन ओळींचं आहे: संख्याशास्त्र येतं आणि मराठीत अहवाल लिहिता येतो. काम मात्र असं आहे, की ऐकून विश्रांतवाडीतले शेजारी माझ्याकडे काळजीने बघतात. आम्ही माशांच्या पोटात यंत्रं शिवणार आहोत.

काळवंडीच्या धरणातले मासे कमी झालेत असं एका सरकारी खात्याला वाटतं. तर चाळीस कटला मासे पकडायचे. प्रत्येकाच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी नळी शिवून त्याला परत सोडायचं. ही नळी, म्हणजे टॅग, दर दोन मिनिटांनी आपला नंबर ओरडते. ते ओरडणं फक्त पाण्यात ऐकू जातं. धरणात दहा ठिकाणी रिसीव्हर टांगायचे. जवळून मासा गेला की तो त्याचा नंबर आणि वेळ लिहून घेणार. या नोंदींवरून संगणक सांगणार मासे कुठे राहतात, कुठे फिरतात. आणि त्यावरून खातं ठरवणार मासेमारी कुठे चालू ठेवायची, कुठे बंद करायची.

गळ्यात कार्ड अडकवलेल्या माणसाने माशांची कीव करू नये.

२१ नोव्हेंबर, रविवार

काळवंडीला जाऊन आलो. पुण्याहून सव्वादोन तास, त्यातला शेवटचा अर्धा तास रस्ता आहे असं समजून चालायचं. धरणाच्या कडेला भोईघाट म्हणून एक दगडी उतार आणि त्याच्या वर बावीस घरं. सगळे मासेमारी करणारे, त्यांची सोसायटी आहे. सेक्रेटरी महिपती, तिशीतला, कागद वाचल्याशिवाय अंगठाही न देणारा. पण खरा कारभार त्याच्या आईचा, गोदाबाईचा. मासे पुरुष धरतात, ही मोजते, पाटीत भरते आणि बाजारात नेते.

चाळीस मासे शिवून झाले. सातवा रिसीव्हर भोईघाटापासून वीस पावलांवर टांगला, कारण जीप तिथपर्यंत जाते. शास्त्रीय कारण नंतर लिहू.

मग बैठक. श्रीनिवास म्हणाले, "तुमच्या कोऑपरेशनशिवाय आमचं मॉडेल इनकम्प्लीट आहे." मी भाषांतर केलं, "जाळ्यात टॅगवाला मासा आला तर मासा तुमचा. नळी तेवढी आम्हाला परत द्या."

"आनि आमाला काय?" गोदाबाई म्हणाली.

श्रीनिवासनी कंपनीचं नाव छापलेली टोपी दाखवली. बायका हसल्या.

"टोप्या दर विलेक्शनला मिळत्यात," गोदाबाई म्हणाली. "जाळ्याचा दोरा द्या. एका नळीला नायलॉनचं एक रीळ."

श्रीनिवासनी सगळ्यांसमोर उठून महिपतीशी हात मिळवला. एक नळी, एक रीळ. ठरलं.

तेवढ्यात तिने आणखी विचारलं, "साहेब, आनि तुमी येईस्तवर ती ठिवायची कुठं? चुलीपाशी? का फळीवर?"

मला माहीत नव्हतं. नोकरीत एक गोष्ट शिकलो आहे: 'माहीत नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या बैठकीला बोलावत नाहीत. मी म्हणालो, "पाण्यातली वस्तू आहे बाई, पाण्यातच ठेवायची. कोरडी पडली की बिघडते." श्रीनिवासनी मान डोलावली. त्यांनाही माहीत नव्हतं.

गोदाबाईने वळून सगळ्या बायकांना बजावलं, "वलीच ठिवायची गं. साहेबांनी सांगितलंय."

अडाणी लोक म्हणतात यांना. आमच्या कचेरीत एक सूचना खाली पोचायला तीन परिपत्रकं लागायची.

१३ डिसेंबर, सोमवार

दुपारी मोबाइल वाजला. रस्त्यावरच्या बूथवरून गोदाबाई. पलीकडून धरणाचा वारा आणि एका कोंबडीचा आवाज.

"साहेब, पयली गावली. पिवळी नळी."

"छान. नीट ठेवलीय ना?"

"तर! तुमी सांगितल्यावानी. दोरा कवा येतो?"

खरेदी विभागाकडे गेलो. तिथल्या मुलाने संगणकात 'दोरा' शोधला. सापडला नाही. स्टेशनरीत पिना आहेत, हार्डवेअरमध्ये केबल आहे, दोरा कशातच नाही. प्रकार नसेल तर तीन दुकानांची कोटेशन्स आणून नवा प्रकार उघडावा लागतो. बोहरी आळीत हे रीळ ज्या दुकानात मिळतं तिथला मालक कोटेशन म्हटल्यावर म्हणाला, "साहेब, घ्यायचं तर घ्या, निबंध लिहायला मला वेळ नाही."

पण कंपनीचा नियम बरोबरच आहे. नियम नसेल तर उद्या कोणीही दोरा विकत घेईल.

१० जानेवारी २००५, सोमवार

आज मला प्रशस्तिपत्रक मिळालं. विषय: निष्ठा.

शुक्रवारी संध्याकाळी कार्ड टेबलाच्या खणात विसरलो. निघताना निकिताने दार धरून ठेवलं होतं, तिच्या मागोमाग बाहेर पडलो. निकिता म्हणजे आमची प्रोग्रॅमर, चोवीस वर्षांची, माशांचं मॉडेल तीच बनवते. तर कार्ड आत राहिलं आणि बाहेर गेल्याची नोंद झाली नाही. ऑफिस सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत मी सलग त्रेसष्ट तास ऑफिसात होतो असं सिस्टिमने छातीठोकपणे सांगितलं. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी सगळ्यांना ईमेल पाठवली. टाळ्या वाजल्या. मी विहारात जातो, खोटं बोलू नये असं मानतो, पण टाळ्या थांबेपर्यंत काही बोलता येत नाही.

प्रेमला हे पत्रक फ्रेम करणार आहे म्हणते. त्रेसष्ट तासांतले दहा मी मंडईत वांगी निवडण्यात आणि आठ तिच्या भावाच्या तक्रारी ऐकण्यात घालवले होते. यंत्राला मात्र माझा पत्ता पक्का ठाऊक होता. इतकं हसलो की डोळ्यांत पाणी आलं.

२ फेब्रुवारी, बुधवार

मॉडेलचा पहिला नकाशा आला. धरण निळं, आणि जिथे मासे जास्त वेळ राहतात तिथे लाल. सबंध धरणात एकच लाल ठिपका. रिसीव्हर सात, भोईघाट.

"सर, बघा ना, किती क्यूट!" निकिता म्हणाली. "सहा फिश एकाच स्पॉटला. चोवीस तास. जातच नाहीत कुठे."

"कटला असा बसून राहत नाही गं. म्हैस आहे का ती?"

"पण डेटा हेच सांगतोय ना, सर."

बाकीचे मासे सगळीकडे भटकतायत. वरच्या ओढ्याकडे, मधल्या खोल डोहाकडे, परत. पण भटकणारा मासा एका जागी चार नोंदी ठेवतो आणि पुढे जातो. हे सहा जण दर दोन मिनिटांनी हजेरी देतात. त्यांच्या नोंदी लाखांत. मॉडेल नोंदी मोजतं, मासे मोजत नाही. त्यामुळे सहांपुढे बाकीचे फिके पडले.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. असलेल्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता. मी थांबलो. मग जेवायची वेळ झाली.

२८ फेब्रुवारी, सोमवार

गोदाबाईचा फोन. "साहेब, आता नऊ जाल्यात. दोऱ्याचं काय जालं?"

"निघालाय," मी म्हणालो. खोटं. दुसरं कोटेशन परवा आलं. तिसरा दुकानदार लग्नाला सांगलीला गेलाय.

विषय बदलायचा म्हणून विचारलं, "नळ्या ओल्याच आहेत ना?"

"पान्याभायेर काढलीच न्हाई येक बी. नातीला सुदिक हात लावू दिला न्हाई."

मग म्हणाली, "जाळी पार इरलीत साहेब. दोरा आला असता तर बरं जालं असतं." ओरडली असती तर मी काहीतरी सणसणीत उत्तर दिलं असतं. ओरडली नाही, हा त्या लोकांचा दोष आहे.

१४ मार्च, सोमवार

अहवाल पूर्ण. खात्याला मार्चअखेर हवा होता, कारण पैसे मार्चअखेर संपवायचे असतात. मासे एप्रिलमध्ये कुठे जातात याच्याशी अंदाजपत्रकाला देणंघेणं नाही.

आता घाटावर अकरा मासे झालेत. श्रीनिवास खूश आहेत. याला म्हणे जागेशी निष्ठा म्हणतात, परदेशी पेपरांत यावर पुष्कळ लिहिलंय. मी एक वाक्य लिहिलं: 'भोईघाट परिसर हे कटल्याचे प्रमुख आश्रयस्थान असून त्यास संरक्षण देणे निकडीचे आहे.' कबूल करतो, वाक्य जमलंय. 'निकडीचे' या शब्दाने वजन आलं.

काल रात्री जेवताना ते प्रेमलाला वाचून दाखवलं होतं. आमटी वाढता वाढता ती थांबली. "भोईघाटावर तीस वर्षं रोज जाळी पडतायत ना? मग मासे तिथे काय आत्महत्या करायला राहतात?"

मी हसलो. मग हसू थांबलं. आज सकाळी अहवालात एक तळटीप घातली: 'अकरा मासे एकाच जागी अखंड आढळणे असाधारण आहे. प्रत्यक्ष पाहणी करावी.' श्रीनिवासनी वाचली. "व्हॅलिड पॉइंट, सर," म्हणाले, आणि उचलून परिशिष्ट 'ड'मध्ये नेली. परिशिष्ट 'ड' पान एकशे बारावर आहे. मी हरकत घेतली नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी ती घेतली होती असं मला वाटायला लागेल.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. सकाळी विहार, दुपारी पाहुणे, संध्याकाळी विश्रांतवाडीच्या चौकात इतकी गर्दी की स्कूटर ढकलत आणली.

आज आजोबांची आठवण आली. ते गावच्या तळ्याजवळ गेले की गावातले लोक लांबूनच ओरडायचे त्यांच्यावर, जनावरावर ओरडावं तसे. घरची बाई घागर घेऊन कोणाची तरी वाट बघत बसायची, की कोणी वरून ओतेल. ते सांगताना आजोबा रागावायचे नाहीत, नुसते हात धुतल्यासारखे चोळायचे.

आणि काल खात्याच्या छापील अहवालावर माझं नाव पाहिलं. एका अख्ख्या धरणाच्या पाण्याविषयी. त्यांच्या नातवाचं नाव. एक प्रत आईला दाखवायला घरी आणली. ती वाचू शकत नाही, पण नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं, तिने बोट ठेवलं.

९ मे, सोमवार

आदेश निघाला. भोईघाटापासून एक किलोमीटर परिघात पाच वर्षं मासेमारी बंद. आधार: आमचा अहवाल, पान एकतीस. माझं वाक्य जसंच्या तसं, 'निकडीचे'सकट.

अकरा वाजता महिपतीचा फोन. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"साहेब, नाव लोटायची जागा तीच येक हाय. बाकी सगळा कडा हाय, तुमी पाह्यलाय. घाट बंद म्हंजी धरानच बंद."

"आदेश खात्याचा आहे, महिपती."

"कागदावर तुमचं नाव हाय."

मग म्हणाला, "येक सांगा. ते अकरा मासे तितं करत्यात तरी काय? आमच्या जाळ्यात तर पंद्रा दिसात घाटाला येक कटला गावला न्हाई. समदा माल वरल्या वढ्याचा."

फोन ठेवला. अर्धा तास रिसीव्हर सातच्या नोंदी बघत बसलो. अकरा नंबर. दर दोन मिनिटांनी. दिवस-रात्र, थंडी-ऊन. एकानेही कधी पोहून बघितलं नाही.

१५ मे, रविवार

लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहितो.

एकटा गेलो, एसटीने. घाटावर नावा उलट्या घालून ठेवल्या होत्या. गोदाबाई पायरीवर बसली होती. मला बघून उठली, "या" म्हणाली. पाणी दिलं. मग मी विचारायच्या आधीच म्हणाली, "नळ्या न्यायला आलाव का?"

ती खाली उतरली. घाटाच्या शेवटच्या पायरीशी पाण्यात एक लोखंडी मेख ठोकलेली आहे, नाव बांधायची. मेखेला दोरी होती. दोरी ओढली. पाण्यातून कांद्याच्या जाळीदार पिशवीएवढी पिशवी वर आली, निथळत. आत पिवळ्या नळ्या. वीस पावलांवर रिसीव्हर सातचा तरंगता डबा डुलत होता.

"येक दिस बी वाळू दिल्या न्हाईत," ती म्हणाली.

घाटावरचे अकरा मासे. प्रमुख आश्रयस्थान. निकडीचे.

मी तिथेच पायरीवर बसलो. तिला वाटलं ऊन लागलं. कांदा आणायला निघाली. मी थांबवलं आणि सांगितलं. यंत्र कसं ऐकतं, काय लिहितं, पिशवी इथे बांधल्यामुळे काय झालं. तिला समजायला एक मिनिट लागलं. कंपनीला, खात्याला आणि मला सहा महिने.

"म्हंजी आमी फळीवर ठिवल्या असत्या तर?"

"तर काही झालं नसतं."

"पर तुमीच म्हनालावता, वल्या ठिवा."

"हो."

मागे महिपती येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं. माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "ठिव ती पिशवी पान्यात परत. साहेबांचे मासे वाळतील."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. सारखे आजोबा हात चोळताना दिसत होते. त्यांना तळ्यापासून हाकलणारे निदान कागद लिहीत नव्हते. ओरडून हाकलायचे. मी मराठीत, तळटीपेसह, दोनशे पानी.

१८ मे, बुधवार

श्रीनिवासना सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, एवढं म्हणायला हवं. निकिताने हात तोंडावर ठेवला आणि तिथेच डोळे भरून आले तिचे.

"सर, हे व्हेरी अनफॉर्च्युनेट आहे," श्रीनिवास म्हणाले. "पण आपण एक बघू. ऑर्डर निघालीय. फेज टू सँक्शन झालीय, तीन धरणं. आत्ता आपण म्हणालो की मॉडेल चुकलं, तर नुसते आपण नाही, पूर्ण टेक्नॉलॉजी बदनाम होईल. पुढे ज्या धरणात खरंच मासे वाचवायचेत तिथेही कोणी ऐकणार नाही."

हा मुद्दा खोटा नाही, हीच तर अडचण आहे. नळी चांगली. रिसीव्हर चांगला. निकिताचं गणितही चुकलेलं नाही.

"मग त्या बावीस घरांचं काय?"

"'लर्निंग्ज' मध्ये टाकू. टॅग परत घेण्याची प्रोसेस इम्प्रूव्ह करायला हवी, असं." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आणि सर, पाण्यात ठेवा असं त्यांना सांगितलं कोणी, हेही मग लिहावं लागेल."

राजीनामा लिहिला. दोनदा. दुसरा जास्त चांगला झाला होता. दोन्ही खणात आहेत, प्रशस्तिपत्रकाखाली. प्रेमलाचा शाळेतला पगार आणि माझं अर्धं पेन्शन यांत घर चाललं असतं. हेही लिहून ठेवतो.

२ जून, गुरुवार

दोन पानी पत्र लिहून स्वतः खात्यात नेलं. पत्रात चौथ्या ओळीला लिहिलंय: 'ही चुकीची सूचना मी दिली होती.' लिहायला सोपं होतं. टाइप करणाऱ्या मुलाने वाचताना वर बघितलं, ते जड गेलं.

तिथले अधिकारी आप्पासाहेब. मी ज्या जातीच्या खुर्चीत चोवीस वर्षं बसलो त्याच जातीच्या खुर्चीत बसलेले; वेताची, मधे खड्डा पडलेली.

"रणपिसे, तुम्ही सरकारात होतात. तुम्हाला सांगायला नको. अभ्यासाने घातलेली बंदी उठवायला अभ्यास लागतो. अभ्यासाला निविदा. निविदेला तरतूद."

"पण मासे तिथे नाहीतच. नळ्या पिशवीत आहेत."

"तसं तुमचं म्हणणं. रेकॉर्डवर अकरा मासे आहेत." ते खरंच दिलगीर दिसले. "आणि शिवाय जेट्टीचं काम निघालंय तिथे. एका रिसॉर्टचा नौकाविहार. बंदी मासेमारीला आहे, नौकाविहाराला नाही."

पत्राची पोच मिळाली. गोल शिक्का, जांभळी शाई. असे शिक्के मी हजारो मारले असतील. पहिल्यांदाच हातात घेऊन बघितला.

सोसायटीने वकील बघितलाय असं कळलं. पत्राची प्रत आणि नोंदींचा सगळा गठ्ठा महिपतीला पोस्टाने पाठवला. निकिताने गठ्ठा छापून दिला, न विचारता. प्रत्येक पानाला नंबर घातलाय तिने.

१२ जून, रविवार

बोहरी आळीतून अकरा रिळं घेतली. दुकानदाराने ओळखलं. "आली का मंजुरी?" म्हणाला. आली म्हणालो.

काळवंडीला घाटाच्या तोंडाशी लाल-पांढरी पट्टी बांधली आहे. जेट्टीचे चार खांब उभे राहिलेत. नावा वर, घरांच्या मागे नेऊन ठेवल्यात. पुरुष बांधकामावर जातात, रिसॉर्टच्याच. महिपती तिथेच होता, भेटला नाही.

गोदाबाईने रिळं चटईवर मांडून घेतली. मग पिशवी आणली. आता ती फळीवर असते, कोरडी. नळ्या एकेक बाहेर काढल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली होती. मी विचारलं ही कशाला.

"ध्यानात ऱ्हायाला. ही निळी, वरल्या वढ्याला गावली, संक्रांतीच्या आदल्या दिशी. ही लाल, मधल्या डव्हात. ही बी डव्हात, पर पौर्णिमेची. ही पल्याडच्या कड्याला, लई खोल."

एकेक नळी, जागा, तिथी. न चुकता. वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मासे कुठे राहतात, कधी कुठे जातात: ज्याच्यासाठी दहा रिसीव्हर परदेशातून आणले, ते सगळं या चिंध्यांत होतं. आमच्याकडे याचा छापील फॉर्म होता. इंग्रजीत. तो तिला कोणी दिला नाही, आणि मीही विचारलं नाही.

शेवटची चिंधी काळी होती.

"बारा," ती म्हणाली.

"अकरा आहेत ना?"

"ह्या बाराव्या नळीला मासा चिरताना माझ्याच इळीचा घाव बसला. ही मुकी जाली आसंल. तुमच्या यंत्राला ऐकू आली न्हाई."

मी संगणकाकडून आकडा घेऊन आलो होतो. अजूनही.

तिने रिळं परत मोजली, एक हातात घेऊन दोरा बोटांवर ताणून बघितला. "चांगला हाय." मग म्हणाली, "आता इनू कुठलं जाळं, साहेब?" तिने रिळं उचलून फळीवर ठेवली, नळ्यांच्या शेजारी.

१५ जून, बुधवार

सकाळी कार्ड दाखवून आत गेलो. कार्ड खणात ठेवलं. निकिता चहाला खाली निघाली होती, तिच्या मागोमाग बाहेर पडलो. तिने दार धरलं. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

साडेअकराची एसटी. काळवंडीला पोचलो तेव्हा गोदाबाई घरी नव्हती. बाजाराच्या गावी भांडी घासायचं काम धरलंय, शेजारणीने सांगितलं. संध्याकाळी येते. थांबतो म्हणालो, मग वाटलं कशाला. तिला पुन्हा पाणी द्यावं लागेल, या म्हणावं लागेल.

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. शेजारीण म्हणाली, "ठिवा आत, कोन न्हेतंय." फळीवर अकरा रिळं तशीच होती, कागदात. बारावं त्यांच्याशेजारी ठेवलं. काळ्या चिंधीची नळी उचलून खिशात घातली.

सहाच्या एसटीने परत. सिस्टिमच्या नोंदीप्रमाणे मी आज दिवसभर ऑफिसात होतो.